भिंतीपलीकडून आलेलं आमेन

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही, हे आधीच सांगते. आमच्या भागात भानामतीच्या गोष्टी घरोघरी आहेत — कुणाच्या अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात, कुणाचं लुगडं दोरीवर वाळता वाळता पेटतं. असली गोष्ट दारात कुणी काढली की माझी आई म्हणायची, "जा गं बाई, आमच्या घरी हे चालत न्हाई." आम्ही ख्रिस्ती, लुथरन मंडळीतले. आमची शिकवण अशी की मेलेलं माणूस शेवटच्या दिवसापर्यंत प्रभूच्या हातात विसावलेलं असतं. ते हिंडत नाही, झाडावर बसत नाही आणि कुणाशी बोलत नाही. म्हणून जे घडलं ते मला ना इकडं बसवता येतं, ना तिकडं.

माझी पुतणी म्हणते, एका मासिकात लोक असले अनुभव लिहून पाठवतात. मी चौथी शिकलेली, लिहिते सावकाश. पाठवीन की पेटीत ठेवीन माहीत नाही. पण लिहायचं ठरवलं, कारण बाकीच्यांनी आपापल्या सोयीनं सांगून सांगून याचं भलतंच करून टाकलं आहे. कुणी म्हणतं प्रकाश दिसला, कुणी म्हणतं पांढऱ्या कपड्यातले देवदूत उभे होते... प्रकाश वगैरे काही नव्हता. ऊन होतं. दुपार कलली होती, आणि माझ्या पायाला ढेकळं टोचत होती.

वसमत आणि वारंगा फाटा यांच्या मधल्या पट्ट्यात आमचं गाव. नाव लिहीत नाही. ख्रिस्ती घरं वीसेक. देऊळ साधं, दगडी भिंतीचं, वर पत्रे — आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. घंटा म्हणून रुळाचा तुकडा लिंबाला टांगलेला. पाळकसाहेब वसमतला राहायचे आणि पंधरा दिवसांनी उपासनेला यायचे. एरवी उपासना चालवायचे शामवेलभाऊ. ते मंडळीतले मोठे पंच. त्यांचा आवाज भारी, गळा गोड, आणि गावात वजन.

माझा आवाज लहान. लहानपणापासूनच लहान. चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की घसा आवळतो. उपासनेत मी शेवटच्या खिडकीपाशी बसायची आणि पुटपुटल्यासारखं म्हणायची. दानेल म्हणजे आमचे मालक, माझा नवरा. शामवेलभाऊ सगळ्यांपुढं म्हणायचे, "दानेलच्या बायकोचं आमेन देवालाच ऐकू येत असंल, आमाला तर न्हाई." बाया हसायच्या. मीही हसायची. आता त्या हसण्याचासुद्धा मला राग येतो.

पण आवाज नसला तरी पाठांतर माझं पक्कं होतं. दृढीकरणाच्या, म्हणजे जाणत्या वयात विश्वास कबूल करायच्या आधीच्या वर्गात आम्हाला जुने पाळक शिकवायचे. म्हातारे होते, चिंचेखाली खाट टाकून बसायचे. पाळक जवळ नाही आणि लेकरू हातचं चाललंय, तर काय करायचं, हे त्यांनी आम्हा पोरींना शिकवलं होतं. म्हणाले होते, "बाई असो का बाप्या, कोणीबी ख्रिस्ती माणूस बाप्तिस्मा देऊ शकतं. पाणी पाहिजे अन् वचन पाहिजे. तिसरं काही लागत न्हाई. देणारा देव हाय, तुमी निस्ता हात." आणि आमच्याकडून सराव करून घेतला होता, दुधी भोपळ्यावर पाणी ओतून. आम्ही खो खो हसलो होतो. एकीनं भोपळ्याचं नाव पत्रुस ठेवलं होतं.

नव्वदच्या पुढची ती वर्षं. गावात फोन नव्हता. हळद निघाली होती, म्हणजे मार्च असेल. मी ओढ्यापलीकडं एका शेतकऱ्याच्या खळ्यावर हळद मोडायला, म्हणजे गड्ड्याची बोटं वेगळी करायला जात होते. माझी धाकटी जाऊ एस्तेर सातव्या महिन्यात होती. लग्नानंतर फार वर्षांनी तिला दिवस गेले होते, म्हणून तिला आम्ही घागरही उचलू देत नव्हतो.

त्या दिवशी दुपारी ओढ्याच्या काठावरून आमच्या सासूबाईंची हाक आली. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. "सालू, पळ गं, एस्तेर..." एवढंच ऐकू आलं. मी हातातला गड्डा टाकला आणि तशीच धावले.

घरी पोचले तोवर बाळ झालेलं होतं. मुलगी. माझ्या ओंजळीत मावेल एवढी. श्वास घेताना बरगड्या आत जात होत्या, ओठ जांभळे. सुईण म्हणाली, "दवाखाना न्हाई पाहायची ही." याकोब, म्हणजे माझा दीर, बैलगाडी बघायला गेला होता. आमचे मालक मळ्यात होते.

एस्तेरनं माझा पदर धरला. "अक्का, पाळकसाहेबाला कोण आणंल आता?"

"याकोब आला की पाठवू."

"तवर न्हाई राहत ती. अक्का, तुमी द्या बाप्तिस्मा. तुमाला सगळं येतं."

"नाव काय?"

"रिबका."

आत्याबाईंनी तांब्या आणून दिला. माझे हात मनगटापर्यंत पिवळे. हळद मोडणाऱ्या बाईचे हात धुऊनही निघत नाहीत, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक आहे. मी ओंजळीत पाणी घेतलं आणि तिच्या कपाळावर सोडलं — पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं. माझा अंगठा तिच्या कपाळाला लागला. तिथं पिवळं बोट उठलं. दाराशी उभ्या असलेल्या आत्याबाई आमेन म्हणाल्या. एस्तेर म्हणाली. मी म्हटलं.

रिबकेनं रात्र काढली. सकाळी आईच्या कुशीत गेली.

इथपर्यंत दुःख होतं. पुढं जे झालं ते दुःख नव्हतं.

याकोब सायकलवर वसमतला गेला. पाळकसाहेब दुपारी आले ते शामवेलभाऊंच्या स्कूटरवर मागं बसून. तरुण होते, नुकतेच शिकून आलेले, मऊ बोलणारे. अंगणात मंडळीतली माणसं जमली होती. शामवेलभाऊंनी बाळाच्या तोंडावरचं दुपटं बाजूला केलं आणि वाकून पाहिलं.

"हे कपाळाला पिवळं काय हाय?"

याकोब म्हणाला, "वहिनीनं काल बाप्तिस्मा दिला. हात हळदीचे व्हते."

"बाप्तिस्मा दिला, का हळद लावली?"

"भाऊ, मोडणीचे हात हायत ते. तुमच्याबी घरात तसलेच हात हायत."

"माझ्या घरातले हात लेकराच्या कपाळाला लागत न्हाईत. बापजाद्यांनी हळद-कुंकू सोडलं, अन् तुमी तेच दार लावून करून राहिले. काहून? सटवीला भेले का?"

दार काल उघडंच होतं. 

पाळकसाहेब माझ्याकडं वळले. "सालोमीबाई, तुम्ही नेमके काय शब्द म्हणालात? म्हणून दाखवा."

अंगणभर पुरुष.  तरी मी म्हटलं. सगळं म्हटलं, नावासकट.

"ऐकू आलं न्हाई," शामवेलभाऊ म्हणाले.

मी परत म्हटलं.

"सूनबाई, ऐकू आलं न्हाई."

तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा माझा घसा खरवडून निघाला. पाळकसाहेब माझ्यापासून हातभर अंतरावर होते. त्यांना ऐकू गेलं होतं. माझ्या शब्दांबरोबर त्यांचे ओठ हलताना मी पाहिले होते. शामवेलभाऊंनी त्यांना विचारलं, "साहेब, तुमाला आलं का काही?"

पाळकसाहेब खाली बघत म्हणाले, "स्पष्ट नाही आलं."

मग आत्याबाईंना विचारलं. आत्याबाईंच्या धाकट्या लेकीची सोयरीक तेव्हा शामवेलभाऊंच्या भाच्याशी चालली होती. त्या म्हणाल्या, "म्या तांब्या ठिवला अन् भाईर गेल्ते. मला न्हाई माहीत."

एस्तेर आतून ओरडून सांगत होती. बाळंतिणीचं कोण ऐकतो?

पंचांचा जुना नियम होता, बाप्तिस्मा न झालेल्याला कबरस्तानच्या भिंतीच्या आत जागा नाही. पाळकसाहेब म्हणाले, "चौकशी करू, मंडळीत विषय ठेवू." लेकरू मार्चच्या उन्हात दुपट्यात पडलेलं, आणि हे विषय ठेवणार. शामवेलभाऊंनी कबरस्तानच्या फाटकाची किल्ली खिशातून काढली, सगळ्यांना दिसेल अशी धरली आणि परत खिशात टाकली. दोघं स्कूटरवर बसून गेले. मग एकेक करून अंगण रिकामं झालं. जाताना एक बाई मला म्हणाली, "हात तरी धुवायचे व्हते गं." माझ्याबरोबर त्याच खळ्यावर हळद मोडणारी बाई होती ती.

कबरस्तान गावाबाहेर गायरानात. कमरेएवढी दगडी भिंत, लोखंडी फाटक. आम्ही चौघंच गेलो — आमचे मालक, याकोब, मी आणि खड्डा खणायला तांड्यावरचे हरसिंगकाका. ते हिंदू, पण गावात कुणाचंही खोदकाम असलं की त्यांनाच बोलावतात. त्यांनी फाटकाचं कुलूप पाहिलं, आम्हाला काही विचारलं नाही, आणि भिंतीला लागून बाहेरच्या अंगाला बाभळीपाशी खणायला लागले. माती कडक होती. याकोब त्यांच्या हातून कुदळ घ्यायला गेला तर म्हणाले, "तू न्हाई, बाबा. बापानं न्हाई खणायचं."

रिबकेला खाली ठेवलं. आता प्रार्थना कुणी म्हणायची? याकोबला हुंदका आवरत नव्हता. आमच्या मालकांनी टोपी काढली आणि मला म्हणाले, "तूच म्हण. पाणी तूच घातलंस."

मी म्हणायला लागले. पुस्तक नव्हतं, पण मातीच्या वेळची उपासना मला पाठ होती. आमच्या उपासनेत पाळक एक ओळ म्हणतात आणि मंडळी उत्तर देते. मी पाळकाची ओळ म्हणायची आणि उत्तराच्या जागी थांबायची. सवयीनं थांबायची. तिथं कुणीच बोलत नव्हतं, नुसतं वारं. त्या रिकाम्या जागा मला चपराकीसारख्या लागत होत्या. ज्यांनी म्हणायचं ते सगळे घरी जेवून पडले होते. मला रडू येत नव्हतं. मला इतका राग आला होता की दात वाजत होते.

प्रभूची प्रार्थना म्हटली. शेवटाला आले. आमेन म्हणायला तोंड उघडलं, आणि माझा आवाज निघायच्या आधी भिंतीपलीकडून आमेन आलं.

एकाचं नाही. पुष्कळांचं. सणाच्या दिवशी देऊळ दारापर्यंत भरलं की जसं येतं तसं. खाली पुरुषांचे जाड आवाज, वर बायांचे लांबवलेले, आणि सगळ्यांच्या शेवटी एका म्हातारीचं थोडं मागं राहिलेलं. मंडळी म्हटली की एक तरी म्हातारी मागं राहतेच... तेसुद्धा होतं. घोगरं नाही, भेसूर नाही. साधं, खणखणीत, घाई नसलेलं आमेन.

याकोबचा हुंदका थांबला. तो भिंतीकडं बघत होता. आमच्या मालकांच्या हातातली टोपी खाली पडली. मी भिंतीवरून आत पाहिलं. कबरी, वाळलेलं गवत, एक शेळी. बस.

हरसिंगकाका फावड्यावर टेकून उभे होते. ते म्हणाले, "तुमची माणसं आली म्हणा की शेवटी. आत कुठून गेली?"

 ते भिंतीला वळसा घालून फाटकापर्यंत गेले, कुलूप हलवून पाहिलं, आत डोकावले आणि परत आले. मग हळूहळू माती लोटायला लागले. खड्डा भरत आला तेव्हा म्हणाले, "बाई, मंडळी मोठी हाय तुमची."

आता तुम्ही म्हणाल, भास झाला असेल. दुःखात होतो, उपाशी होतो. आम्ही होतो, पण हरसिंगकाका तर पोटभर भाकर खाऊन आले होते. पडसाद म्हणाल, तर मी आमेन म्हटलंच नव्हतं, पडसाद कशाचा? आमचे मालक नंतर तिथं जाऊन ओरडून आले. पडसाद उठत नाही, मोकळं गायरान आहे. कुठं सप्ताहाचा भोंगा लागला असेल, असंही लोक म्हणाले. भोंग्यावर आमेन कोण म्हणतं आमच्याकडं?

आम्ही कुणाला बोललो नाही. पण हरसिंगकाकांनी कशाला गप्प बसावं? ते वारंगा फाट्यावर चहा पिताना बोलले, आणि गोष्ट पसरली. आजूबाजूच्या गावच्या बाया भिंतीपाशी यायला लागल्या. कुणी उदबत्ती लावली. कुणी बाहेरच्या दगडाला हळद-कुंकू वाहिलं. ज्या हळदीसाठी रिबकेला बाहेर ठेवलं, ती हळद आता शामवेलभाऊंच्या भिंतीला लागली.

मग मंडळीला जाग आली. पाळकसाहेब आणि शामवेलभाऊ परत आमच्या अंगणात आले, या वेळी केळी घेऊन.

"सालोमीबाई," पाळकसाहेब म्हणाले, "वार्षिक सभेला हिंगोलीहून, नांदेडहून लोक येणार आहेत. तुम्ही उभं राहून साक्ष द्या. देवानं आपल्या मंडळीत अद्भुत केलंय."

"तुमाला बोलायला जमत न्हाई, तर म्या इचारतो, तुमी निस्तं व्हय म्हना," शामवेलभाऊ म्हणाले.

मी विचारलं, "अन् रिबकेचं?"

पाळकसाहेब हसून म्हणाले, "साक्ष झाली की तो बाप्तिस्मा धरायला काहीच अडचण नाही. देवानंच शिक्का मारला की. भिंतसुद्धा वाढवून घेऊ."

मी आत गेले आणि एस्तेरला सांगितलं. तिला भिंत पाहिजे होती. तिची लेक आत यावी, एवढंच तिला पाहिजे होतं, आणि ते आता माझ्या जिभेवर होतं. पण ती छताकडं बघत म्हणाली, "अक्का, ते आवाज आले नसते तर?"

मी म्हणाले, "तर काय?"

"तर माजी लेक ख्रिस्ती न्हाई?"

मी केळी परत बाहेर नेऊन त्यांच्यापुढं ठेवली.

सभेच्या दिवशी देऊळ भरलं होतं, बाहेर मांडव होता. आम्ही दोघी शेवटच्या खिडकीपाशी होतो. तरी शामवेलभाऊंनी माझं नाव घेतलं, मला पुढं बोलावलं. मी गेले. त्यांनी माइक माझ्या तोंडापुढं धरला. मला हसू आलं, यांना आता माझा आवाज ऐकायचा होता.

"सूनबाई, सांगा सगळ्यांना. त्या दिवशी भिंतीच्या आतून काय ऐकू आलं?"

मी म्हणाले, "ऐकू आलं न्हाई."

ते हळूच म्हणाले, "अवो, आमेन... सगळ्या गावाला ठावं हाय."

"मला काही ऐकू आलं न्हाई, भाऊ. म्या पाणी घातलं अन् वचन म्हटलं. तवा तुमाला ऐकू आलं न्हाई. तेवढ्यानं झालं नसंल, तर आवाजानं काय व्हायचं?"

माइकमधून तो आवाज सगळ्या मांडवात गेला. माझाच होता, पण मी तो आधी कधी ऐकला नव्हता. पाळकसाहेबांकडं पाहिलं. ते त्या दिवशीसारखेच खाली बघत होते. मी चालत शेवटच्या खिडकीपाशी आले. एस्तेर उठली आणि आम्ही दोघी घरी आलो.

देवाच्या घरात मी खोटं बोलले, असं नंतर पुष्कळांनी म्हटलं. म्हणू देत.

रिबका बरीच वर्षं भिंतीबाहेर राहिली. नोव्हेंबरात सगळे आपापल्या कबरींवर मेणबत्त्या लावायचे, तेव्हा आम्ही दोघी बाहेरून वळसा घालून बाभळीपाशी जायचो. पाळकसाहेब आतून प्रार्थना म्हणायचे आणि मृतांची नावं घ्यायचे. रिबकेचं नाव ते घ्यायचे नाहीत.

दोन हजार सालानंतर त्यांची बदली झाली आणि वयस्क नवे पाळक आले. पहिल्याच नोव्हेंबरात त्यांनी आम्हाला भिंतीबाहेर पाहिलं आणि फाटकातून चालत आले. एस्तेरनं सगळं सांगितलं. आवाजाचं सांगायला लागली तर त्यांनी हात वर केला.

"पाणी होतं?"

"व्हय."

"पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा म्हटलं?"

मी म्हणाले, "व्हय."

"मग झालं की."

एवढंच. एवढंच विचारायचं होतं, त्या दुपारी, अंगणात. एस्तेर रडली. मला मात्र आधीपेक्षा जास्त राग आला. तो अजून गेलेला नाही आणि मी तो घालवायला बसलेलीही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात याकोबनं आणि आमच्या मालकांनी त्या बाजूची भिंत उतरवून बाभळीच्या पलीकडून घेतली. नव्या पाळकांनी तिथं उभं राहून नाव घेतलं — रिबका, याकोब आणि एस्तेर यांची मुलगी. सगळी मंडळी हजर होती. आत्याबाईही होत्या. शामवेलभाऊ अंथरुणाला खिळले होते, त्यांचा मुलगा आला होता. प्रार्थना संपली आणि सगळे आमेन म्हणाले. बारीकसं झालं. कुणी खोकलं, कुणी पदर सावरत होतं. मी कान देऊन ऐकलं. ते आमेन हे नव्हतं.

मग ते कुणाचं होतं, मला माहीत नाही. आमच्या शिकवणीत बसत नाही, मी कुणाला समजावून सांगू शकत नाही, आणि आता विचारायला हरसिंगकाकाही राहिले नाहीत. एवढं मात्र नक्की सांगते, की त्या आवाजांची मला त्या दिवशीही भीती वाटली नाही. ज्यांनी ते आमेन म्हणायला हवं होतं, ते सगळे जिवंत, त्या दुपारी आपापल्या घरात होते. कुणाचंच दार लांब नव्हतं.